धक्का नेमका कोणाला? : समलिंगी विवाहाच्या वादातील एका युक्तिवादाची तपासणी

समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता दिली तर पारंपरिक विवाहसंस्थेला धक्का लागेल, हे विधान गेल्या काही वर्षांत इतक्या तोंडून ऐकू आले आहे, की ते केवळ विधान आहे आणि त्याला पुरावा लागतो, याचाच विसर पडावा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे एप्रिल-मे २०२३मध्ये दहा दिवस सुनावणी झाली आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी 'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणाचा निकाल लागला. विवाह करण्याचा हक्क हा बिनशर्त मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. विवाहाखेरीज अन्य स्वरूपात समलिंगी सहजीवनाला मान्यता आणि दत्तक घेण्याचा हक्क, हे मुद्दे तीन विरुद्ध दोन अशा मतांनी याचिकाकर्त्यांच्या विरोधात गेले. जानेवारी २०२५मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

न्यायालयाने मुख्यतः ठरवले ते एवढेच, की असा बदल करायचा असेल तर तो संसदेने करावा. बदल झाल्यास इतरांच्या विवाहाचे काय होईल, हा प्रश्न होता तिथेच राहिला. केंद्र सरकारच्या प्रतिज्ञापत्रात मात्र त्याचे उत्तर गृहीतच धरले होते. विवाह म्हणजे स्त्री-पुरुषाचा विवाह, तीच भारतीय कुटुंबाची कल्पना, आणि तिला हात लावल्यास व्यक्तिगत कायद्यांचा नाजूक तोल ढळेल, असा त्याचा सूर होता. ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे, असेही पुढे सांगितले गेले. या शेवटच्या शेऱ्याकडे मी नंतर येईन, कारण मी दिव्यात राहतो आणि उच्चभ्रू हा शब्द आमच्या स्टेशनात फारसा उतरत नाही.

पारंपरिक विवाह म्हणजे कोणता, हे दिव्यात राहणाऱ्याला पुस्तकात शोधावे लागत नाही. दिवा, साबे, दातिवली, आगासन ही मूळची आगरी गावे. त्यांच्या शेतांवर आणि खाजणांवर उभ्या राहिलेल्या चाळींत कोकणातली, खानदेशातली, मराठवाड्यातली, उत्तर प्रदेशातली माणसे राहतात. मे महिन्यात आमच्या इमारतीतली निम्मी कुलुपे सावंतवाडीच्या गाडीने गेलेल्यांची असतात, कारण लग्न गावीच व्हायला हवे. त्याच आठवड्यात गावठाणात आगरी हळद असते, पलीकडच्या चाळीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेसमोर मंगल परिणय असतो आणि मुंब्र्याच्या बाजूला निकाह. यांतला प्रत्येक जण आपल्या लग्नाला पारंपरिकच म्हणतो.

आगरी लग्नाचेच उदाहरण घ्या. या समाजात लग्नाचे विधी चालवणारी व्यक्ती परंपरेने बाई असे. तिला धवलारीण म्हणतात. ती धवले गाते आणि तिच्या गाण्याच्या क्रमाने लग्न पुढे सरकते. आता बहुतेक ठिकाणी भटजी येतात, हळदीच्या रात्री बेंजो किंवा डीजे असतो, आणि धवले पाठ असलेल्या म्हाताऱ्या शोधाव्या लागतात. म्हणजे एका पिढीच्या डोळ्यांदेखत लग्नाचे पौरोहित्य बाईकडून पुरुषाकडे गेले. हा केवढा मोठा बदल आहे! पण परंपरेला धक्का लागला म्हणून त्यासाठी कोणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही.

धवले हा शब्द मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला आणखी एका कारणाने परिचयाचा आहे. तेराव्या शतकातल्या महानुभाव पंथातल्या महदाइसेची कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावरची रचना 'धवळे' या नावानेच ओळखली जाते, आणि आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण तिचे नाव घेतो. ज्या विवाहाची ही गाणी आहेत तो कसा झाला? भावाने शिशुपालाचे स्थळ पक्के केलेले, वऱ्हाड दारात आलेले, आणि नवरी स्वतः पत्र पाठवून दुसऱ्याच्या रथात बसून निघून गेलेली. लग्नपत्रिकेवर आपण रुक्मिणीचे नाव आनंदाने छापतो. तिच्यासारखे घरातल्या मुलीने केले तर काय होते, हे सांगायला नको.

हिंदू विवाह कायदा, १९५५ यालाही ही विविधता ठाऊक होती. त्याचे सातवे कलम वधू-वरांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे झालेला विधी मान्य करते; सप्तपदीची अट फक्त जिथे ती रूढीत आहे तिथे. पण त्याच्या आधीचा शंभर वर्षांचा इतिहास फारसा उदार नाही, आणि आजचा युक्तिवाद समजून घ्यायचा तर तो इतिहास पाहावा लागतो.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य शेतकरी आणि कारागीर जातींत पाट लावण्याची, म्हणजे पुनर्विवाहाची रीत होती, आणि काडीमोडही होती. जातपंचायत बसे, देणेघेणे मिटे, बाई दुसरा संसार मांडी. १८७६मध्ये शंभू रघू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले, की पहिला विवाह मोडल्याचे जाहीर करण्याचा आणि बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. जी गोष्ट त्या जातीत रीतसर होती ती एका निकालाने गुन्हा ठरली. आज ज्याला आपण पारंपरिक विवाह म्हणतो, न मोडणारा, जन्माचा, एकाच साच्याचा, तो बऱ्याच अंशी अशा निकालांतून घडला. वरच्या जातींचा नमुना सर्वांची परंपरा म्हणून लागू झाला. याला धक्का म्हणायचे की नाही?

रखमाबाईंचे प्रकरण याच धाग्यात येते. त्यांच्या आई जयंतीबाईंचा डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झालेला पुनर्विवाह जातीच्या रीतीला धरून होता. रखमाबाईंचे स्वतःचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या नांदायला गेल्या नाहीत, म्हणून १८८४मध्ये त्यांनी दावा लावला. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. 'केसरी'ने या काळात जे लिहिले त्याचा गाभा हाच होता, की एका बाईला नकार देऊ दिला तर हिंदू विवाहसंस्थाच ढासळेल. शेवटी १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई डॉक्टर झाल्या. लग्ने होतच राहिली.

१८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली तेव्हा हेच ऐकू आले. १९४६मध्ये मुंबई प्रांताने हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्याची बंदी घातली तेव्हाही. तो कायदा घटनाबाह्य आहे असे म्हणणारे प्रकरण, 'मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी', १९५१मध्ये न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांच्यापुढे आले. पुत्राशिवाय धर्मकार्य पुरे होत नाही, म्हणून दुसरे लग्न हा धर्माचाच भाग आहे, असे त्यात सांगितले गेले. न्यायालयाने ते मानले नाही. दत्तकाचा मार्ग आहे, असे म्हटले. आज ज्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे त्यांच्या लहानपणी दोन बायका हाही पारंपरिक विवाहच होता.

इथे सुधारकी लेखक सहसा थांबतात आणि म्हणतात, बघा, तेव्हाही असेच म्हणत होते. मला हे पुरेसे वाटत नाही. वरची सर्व प्रकरणे स्त्री-पुरुषांच्या विवाहातलीच आहेत, आणि विरोधक म्हणेल, की घराच्या खोल्या बदलणे वेगळे आणि पाया बदलणे वेगळे. हे उत्तर टाळून चालणार नाही. या इतिहासातून सिद्ध होते ते इतकेच, की 'पारंपरिक' हा शब्द प्रत्येक वेळी नुकत्याच स्थिरावलेल्या गोष्टीसाठी वापरला गेला.

विरोधाचा खरोखर विचार करण्याजोगा मुद्दा न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या निकालपत्रात आहे, आणि तो पायाबियाच्या भाषेत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ हा स्त्री-पुरुष भेद गृहीत धरून विणलेला आहे. वराचे वय २१, वधूचे १८. पोटगीची ३६ आणि ३७ ही कलमे केवळ पत्नीसाठी. घटस्फोटाची काही कारणे फक्त पत्नीला उपलब्ध. हे शब्द सरसकट 'जोडीदार' असे वाचले, तर जे संरक्षण दुर्बल बाजूच्या बाईसाठी ठेवले आहे ते पातळ होईल आणि बायका अनपेक्षितपणे उघड्यावर पडतील, अशी त्यांची भीती आहे. ही भीती खोटी नाही. ज्या बाईला पोटगीचा हुकूम हातात असूनही कल्याणच्या कोर्टात तारखांवर तारखा घ्याव्या लागतात, तिला 'जोडीदार' या शब्दाची समानता काय कामाची?

तरीही हा मुद्दा जितका निर्णायक भासतो तितका नाही. हिंदू विवाह कायद्याच्या २४ आणि २५ या कलमांत पोटगी पती-पत्नींपैकी कोणालाही मागता येते, आणि ते पहिल्या दिवसापासून तसे आहे. त्यामुळे बायकांचे संरक्षण वितळून गेले नाही. शिवाय, समलिंगी जोडप्यांसाठी वेगळे कलम घालून स्त्री-पुरुष विवाहातली कलमे होती तशी ठेवता येतात. ते संसदेचे काम आहे हे खरे, पण होऊ शकणारे काम आहे. माझ्या मते भट यांच्या निकालातून निघणारा प्रामाणिक निष्कर्ष असा, की हा बदल कष्टाचा आहे. तो घातक आहे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

परदेशातल्या अनुभवाचा दाखला दोन्ही बाजू देतात. नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ रोजी असा विवाह प्रथम कायदेशीर केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने मे २००४मध्ये. रँड या संशोधन संस्थेने २०२४मध्ये अमेरिकेतल्या वीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा स्त्री-पुरुषांच्या विवाहांचे प्रमाण किंवा घटस्फोट यांवर अनिष्ट परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. युरोपात लग्ने कमी झाली हे खरे, पण ती घसरण समलिंगी विवाहाच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. हे सर्व मान्य करूनही मी या पुराव्यावर निम्माच विसंबतो, आणि त्याचे कारण आपल्याकडच्या लग्नाच्या रीतीत आहे. तिथे माणूस लग्न करतो. इथे त्याचे लग्न केले जाते. तेव्हा इथे परिणाम होईलच, आणि तो कुठे होईल हे पाहण्यासाठी मराठी साहित्याकडे वळावे लागते.

हा विषय मराठीला नवा नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर १९३४मध्ये खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांत समलिंगी संबंधांचाही विषय होता, आणि कर्व्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१मध्ये रंगमंचावर आले. त्या काळात ते किती धाडसाचे होते हे वेगळे सांगायला नको. पण नाटक आज वाचताना जाणवते ते असे, की नाव मित्राचे असले तरी गोष्ट बापू सांगतो. मित्रा आपल्याला कायम एका भल्या, गोंधळलेल्या पुरुषाच्या नजरेतून दिसते आणि शेवटी स्वतःला संपवते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) एकाच माणसावर जीव जडलेले भाऊ आणि बहीण आपापल्या तोंडून बोलतात. बाहेरून पाहणारा बापू तिथे उरत नाही. पंचवीस वर्षांत मराठी लेखन एवढे पुढे आले.

पण या दोन्ही कृतींत एक माणूस नाही: बायको. ज्याचे मन पुरुषाकडे आहे अशा पुरुषाशी रीतसर, पत्रिका जुळवून, मांडव घालून जिचे लग्न लावले गेले ती बाई. तिच्याकडे सरळ पाहिले ते अमोल पालेकरांच्या 'थांग'ने, तेही २००६मध्येच. संध्या गोखले यांची पटकथा, मृणाल कुलकर्णी यांनी साकारलेली सई, आणि नवऱ्याचे एका पुरुषाशी असलेले नाते कळल्यावर तिच्या पायाखालून सरकलेली जमीन. पालेकरांच्या ज्या चित्रत्रयीत 'थांग' येतो तिच्यातला आधीचा 'अनाहत' (२००३) नियोगावर आहे, म्हणजे वंशासाठी पत्नीला परपुरुषाकडे पाठवण्याच्या, शास्त्राने मान्य केलेल्या रीतीवर. हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले, की विवाहाच्या परंपरेने बाईकडून काय काय मागितले याची कल्पना येते. 'थांग'बद्दल माझी तक्रार एवढीच, की त्यातली माणसे सुशिक्षित आणि सुस्थित आहेत. सईला विचार करायला स्वतंत्र खोली आहे. दहा बाय बाराच्या खोलीत, पडद्यापलीकडे सासू-सासरे झोपलेले असताना, हा चित्रपट कसा घडला असता?

आमच्या भागातल्या एका वधू-वर सूचक मंडळाच्या नोंदवह्या मी काही वर्षे सांभाळल्या आहेत. पुनर्विवाहाच्या अर्जात एक रकाना असतो, पहिले लग्न मोडण्याचे कारण. तिथे बहुतेक जण 'पटले नाही' असे लिहितात. चार महिने, सात महिने, कधी तर पंधरा दिवस टिकलेली लग्ने. त्यामागे हुंडा असतो, दारू असते, आधीचे प्रेमप्रकरण असते. आणि काही वेळा मुलीची आई अर्ज देऊन झाल्यावर जरा रेंगाळते आणि हळू आवाजात म्हणते, मुलगा चांगला होता हो, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्या घरच्यांना आधी ठाऊक होतं. लग्न झालं की सुधारेल, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं.

माझे म्हणणे या जागी येऊन ठेपते. पारंपरिक विवाहाला धक्का लागतो तो तिथे, आणि तो आज, कोणत्याही नव्या कायद्याशिवाय लागतो आहे. विवाह औषध म्हणून वापरला जातो, आणि ते औषध दुसऱ्याच्या मुलीला पाजले जाते. मुलाची इच्छा नसते, मुलीला माहिती नसते, दोन घरांचे पैसे आणि अब्रू पणाला लागते. पुढे ती कोर्टात गेलीच तर तिला बहुधा कलम १२खाली नवऱ्याचे नपुंसकत्व सिद्ध करावे लागते किंवा कलम १३खाली क्रूरता. झाले ते या दोन्ही शब्दांत बसत नाही. आणि मुलगा-मुलगी उलट असली, म्हणजे मुलीचेच मन मुलीकडे असले, तर तिला कोणी विचारलेलेच नसते. तिची गोष्ट 'पटले नाही'मध्येही येत नाही. समलिंगी जोडप्यांना उघडपणे घर मांडता आले तर अशी किती लग्ने टळतील, ते मोजून सांगता येणार नाही. पण टळतील ती याच प्रकारची, आणि त्यांच्या टळण्याने विवाहसंस्थेचे नुकसान कसे होते, हे विरोधकांनी सांगायला हवे.

२०२१च्या अखेरीस नागपुरात दोन स्त्री-डॉक्टरांनी घरच्यांच्या साक्षीने साखरपुडा केला, याची बातमी अनेकांनी वाचली असेल. मला त्यात लक्षणीय वाटला तो शब्द: साखरपुडा. परंपरा मोडणाऱ्यांनी परंपरेतलाच विधी निवडावा, हे धक्क्याच्या युक्तिवादाला सोयीचे नाही.

राहिला उच्चभ्रूंचा प्रश्न. पैसेवाल्यांना विवाहावाचून बरेच काही जमवता येते: मृत्युपत्र करता येते, संयुक्त नावाने घर घेता येते, वकील लावता येतो. २०२५मध्ये एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात प्राप्तिकर कायद्यातल्या एका तरतुदीला आव्हान दिले, कारण पती-पत्नींनी एकमेकांना दिलेल्या भेटीवर कर नाही आणि त्यांनी दिलेल्या, पन्नास हजारांवरच्या भेटीवर आहे. न्याय्य प्रश्न आहे, पण दिव्याचा नव्हे.

दिव्याचा प्रश्न लोकलच्या दारात असतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेली माणसे खाली पडली आणि त्यांतली काही मेली. ती बातमी देशभर गेली. एकेकटे पडणारे रोजच पडतात. असे कोणी गेले, की रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे आठ लाखांच्या भरपाईचा अर्ज करता येतो. अर्ज कोणी करायचा हे रेल्वे कायदा, १९८९च्या कलम १२३ने ठरवले आहे. पती, पत्नी, मुलगा, मुलगी. मृत अविवाहित असेल तर आईवडील. पुढे अवलंबून असलेला अल्पवयीन भाऊ, अविवाहित बहीण, विधवा बहीण, विधवा सून. यादी बरीच लांब आहे. एका खोलीचे भाडे अर्धे-अर्धे भरून, एकाच स्टोव्हवर डाळ शिजवून दहा वर्षे बरोबर राहिलेली दुसरी व्यक्ती तिच्यात नाही.

ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवले, की शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावे. त्याच सुमारास बँकांचे संयुक्त खाते उघडायला हरकत नाही, असेही अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले. म्हणजे आमच्या नाक्यावरच्या रेशन दुकानात हे दोघे एक घर ठरू शकतात. दावा न्यायाधिकरणाच्या अर्जात मात्र मृताशी असलेले नाते लिहावे लागते, आणि तिथे 'मित्र' असे लिहिले तर अर्ज परत येतो.